झाडावर उजेड नव्हता: कशेडी घाटातल्या एका ओव्हरटेकचं प्रकरण

पहिल्या भेटीत तो माझ्यासमोर बसला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मॅडम, मी काय येडा नाय. झाडावर उजेड नवता, म्हणून काढली."

गाडी काढली, म्हणजे ओव्हरटेक केला. झाडावरचा उजेड म्हणजे काय, हे मला कळायला तीन भेटी लागल्या. हे सगळं प्रकरण त्या एका वाक्याभोवती फिरतं.

मी रत्नागिरीत समुपदेशनाचं काम करते. हा चालक माझ्याकडे आला तो बायकोच्या आग्रहाखातर. अपघाताला दोन महिने होऊन गेले होते, हासळीचं हाड जुळलं होतं, पण तो गाडीला हात लावत नव्हता. त्याची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला मी इथे दादा म्हणेन, वाडीत त्याला सगळे तेच म्हणतात. काळ कशेडीचा बोगदा होण्याआधीचा, मुंबई-गोवा महामार्गाने मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी घाट चढून-उतरूनच जायची तेव्हाचा.

दादा पावसच्या बाजूचा. वय अडतीस. स्वतःची पिकअप, कर्जावर घेतलेली, दोन वर्षांचे हप्ते बाकी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चिरे, सिमेंट, लग्नाचं सामान, जे मिळेल ते भाडं. मार्च ते मे मात्र फक्त आंबा. एका बागायतदाराच्या पेट्या वाशीच्या मार्केटला पोचवायच्या, पेटीमागे ठरलेलं भाडं. बागायतदार त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे, तो त्यांना काका म्हणतो. दारू नाही. एवढ्या वर्षांत एक दंड, तोही नो पार्किंगचा. बेदरकार चालकाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं (पोरसवदा, मोठ्याने गाणी लावलेला, एका हातात मोबाइल), त्यातलं इथे काहीच नव्हतं.

ती रात्र

अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली होती. सणाआधी मागणी चढते आणि सण सरला की आवक वाढून दर घसरतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादा पहाटे पावणेपाचला उठला होता. माणसं कमी म्हणून स्वतःच झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढला. दुपारी अर्धा तास लवंडला, तेवढीच काय ती झोप. साडेसातला निघायचं ठरलं होतं. खोके कमी पडले, ते दुसऱ्या बागेतून येईपर्यंत, मग पेंढा घालून भरणं, खिळे ठोकणं, हौद्यात रचून ताडपत्री आवळणं. निघायला नऊ-चाळीस झाले. ऐंशी पेट्या. शेजारी बहिणीचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, सोबतीला आणि उतरवून घ्यायला.

चिपळूणला चहा. खेड सोडलं तेव्हा एक वाजून गेला होता. अकरा ते दोनच्या दरम्यान काकांचे चार फोन आले. चारही फोनवर प्रश्न एकच: "कुठपर्यंत आलास?"

घाट चढून वर आल्यावर देवळाशी गाडी थांबवून दादाने नारळ ठेवला. मग उतार लागला. पहिल्याच मोठ्या वळणावर चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक पुढे आला. खालच्या गियरमध्ये, ब्रेकचा वास सोडत, वीसच्या वेगाने. दादा पाचेक मिनिटं त्याच्या मागे होता. दोनदा डिप्पर दिला, ट्रकने साइड दिली नाही, द्यायला जागाच नव्हती. मग एका डावीकडच्या वळणावर त्याने पलीकडच्या झाडांकडे पाहिलं, उजेड दिसला नाही, आणि गाडी काढली.

ट्रकच्या निम्म्यापर्यंत आल्यावर समोर, चढाच्या बाजूला, एक बंद पडलेला टेम्पो उभा होता. बॅटरी उतरलेली, दिवा नाही, इंडिकेटर नाही. मागे आपल्याकडे लावतात तशा फांद्या आणि दोन दगड, पण ते चढणाऱ्यांसाठी. उतरणाऱ्याला दिसावं असं पुढच्या बाजूला काहीच नव्हतं. डावीकडे ट्रक, समोर टेम्पो. दादाने स्टेअरिंग उजवीकडे, डोंगराच्या बाजूला मारलं. गाडी गटारात जाऊन कुशीवर पडली. त्याचं हासळीचं हाड मोडलं, भाच्याचा हात. टेम्पोचा ड्रायव्हर वरच्या अंगाला कठड्यावर बसला होता म्हणून वाचला. वळण उलट असतं तर उजवीकडे डोंगर नव्हे, दरी असती.

पुढचं पोलिसांचं, विम्याचं, दवाखान्याचं सगळं जसं होतं तसं झालं. आंबा रस्त्यावर पडला आणि उजाडेपर्यंत गोळा होऊन गेला. त्याबद्दल दादा कधीच कडवटपणे बोलला नाही. "देवाचा होता, लोकांनी खाल्ला."

उजेडाचा नियम

रात्री घाटात गाडी चालवणाऱ्यांना हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. वळणापलीकडून गाडी येत असेल तर ती दिसायच्या आधी तिच्या दिव्यांचा उजेड झाडांवर, कड्यावर, विजेच्या तारांवर सरकतो. म्हणून कित्येक चालक सांगतात की घाट दिवसापेक्षा रात्री सोपा. दिवसा वळणाआड काय आहे ते कळत नाही, रात्री कळतं. आणि यात तथ्य आहे, ही गोष्ट मला सुरुवातीलाच मान्य करावी लागली. मी ती मान्य करेपर्यंत दादा माझ्याशी नीट बोलतही नव्हता.

फक्त त्या नियमात एक फट आहे. उजेड दिसला तर गाडी आहे, हे पक्कं. उजेड दिसला नाही, याचा अर्थ दिवे लावलेली चालती गाडी नाही, एवढाच. बंद पडलेला टेम्पो, पायी जाणारा माणूस, रस्त्यात बसलेली गुरं, कोसळलेली दरड यांना उजेड नसतो. त्यात स्वतःचे दिवेही वळणावर दगा देतात. दिवा सरळ जातो, रस्ता वळतो. डावीकडच्या वळणावर आपला झोत उजवीकडच्या झाडाझुडपांवर पडतो आणि जिथे जायचं तिथे अंधार राहतो.

मी दादाला विचारलं, हे असं आतापर्यंत किती वेळा केलंस? त्याने बोटांवर मोजलं. दहा हंगाम, हंगामाला पंचवीसेक खेपा, खेपेला सगळे घाट मिळून पाच-सहा वेळा. दीड हजारांच्या घरात आकडा गेला. दीड हजार वेळा नियम खरा ठरला होता.

मग मी कागदावर एक हिशोब मांडला. समज, वळणाआड अंधारात काही उभं असण्याची शक्यता दोन हजारांत एकदा आहे. हा आकडा माझ्या मनाचा, कुठून मोजलेला नाही. तरीसुद्धा दीड हजार वेळांत निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त येते. दादा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे माझा नंबर लागणारच होता?" लागणारच असं नाही, पण नाणं उडवण्यासारखं झालं होतं. आणि दर वेळी वाचल्यावर त्याला उलटंच वाटत होतं, की आपला हात बसला आहे.

धोकादायक वागण्यात शिक्षा क्वचित आणि बक्षीस लगेच मिळतं. लाल तव्याला हात लावला की चटका त्याच क्षणी बसतो, म्हणून लहान मूलही एकदाच लावतं. वळणावर ओव्हरटेक केला की त्या क्षणी मिळतो तो मोकळा रस्ता. घाटानेच दादाला दीड हजार धडे दिले होते, आणि एक सोडून बाकी सगळे चुकीचे होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी 1986 च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताचा अभ्यास करताना हीच गोष्ट दाखवली होती. रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांची झीज आधीच्या अनेक उड्डाणांत दिसली होती, यान दर वेळी सुखरूप परत येत होतं, आणि म्हणून ती झीज 'चालण्यासारखी' ठरत गेली. कुठे अवकाशयान आणि कुठे आंब्याची पिकअप, पण माणसाचं मन दोन्हीकडे एकाच पद्धतीने शिकतं.

चूक की उल्लंघन

काकांचं म्हणणं होतं की दादाला एखादं ट्रेनिंग द्यावं. इथे मी अडून बसले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ब्रिटनमध्ये चालकांच्या वागण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आजही वापरली जाते. त्यातली मुख्य वाटणी अशी: काही गोष्टी चुका असतात, जसं आरशात बघायचं राहिलं, अंतराचा अंदाज चुकला. काही उल्लंघनं असतात, म्हणजे हे करू नये हे ठाऊक असून केलेली. चूक कौशल्य वाढवून कमी होऊ शकते. उल्लंघनाच्या मुळाशी कौशल्याची कमतरता नसतेच, पुष्कळदा कौशल्याचा भरवसा असतो. नॉर्वेमध्ये 1980 च्या दशकात नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. गाडी सावरता येते म्हटल्यावर ती सावरायची वेळ येऊ देण्याची भीती गेली.

दादाला मी विचारलं होतं, या रस्त्यावरच्या शंभर पिकअपवाल्यांत तुझा नंबर कितवा? "पहिल्या दहात." हसायचं काही कारण नाही. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1981 मध्ये विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला तेव्हा अमेरिकेतल्या 93 टक्क्यांनी आणि स्वीडनमधल्या 69 टक्क्यांनी स्वतःला कौशल्यात वरच्या निम्म्यात बसवलं होतं. मी स्वतः स्कूटर चालवते, आणि मीही मनात स्वतःला वरच्याच निम्म्यात बसवलं.

बागेत हरवलेला वेळ

"नसती काढली तर अर्धा तास गेला असता," असं दादा म्हणायचा. आम्ही मोजलं. ट्रक भेटला तिथून घाट संपेपर्यंत सहाएक किलोमीटर. वीसच्या वेगाने अठरा मिनिटं. मोकळा उतार मिळाला असता तर भरल्या गाडीने पस्तीसच्या वेगाने दहाच्या वर. वाचणार होती आठ मिनिटं. मागे अडकून बसलेली मिनिटं घड्याळापेक्षा लांब असतात.

पण आठ मिनिटंही खोटी नाहीत. उगाच 'घाई करून काही वाचत नाही' असं मी सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. गंमत अशी की त्याच रात्री संगमेश्वरच्या पुढच्या सरळ पट्ट्यांवर तो साठची ऐंशी करत होता आणि तिथे खूप वेळ वाचतो अशी त्याची समजूत होती. असे पट्टे सगळे मिळून पंधरा किलोमीटर भरले. साठने पंधरा मिनिटं, ऐंशीने सव्वा अकरा. पावणेचार मिनिटांची कमाई.

खरा वेळ गेला होता बागेत. दोन तास दहा मिनिटं, खोके कमी पडले म्हणून. ती दादाची चूक नव्हती, पण ते नुकसान तो रस्त्यावर भरून काढत होता. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की माणूस फायद्याच्या बाजूला असतो तेव्हा जपून वागतो आणि तोट्याच्या बाजूला गेला की जुगार खेळतो. जुगारात हरलेला माणूस शेवटच्या डावात जास्त लावतो, तसंच हे. साडेसातला निघालेला दादा त्या ट्रकच्या मागे बसला असता, असं तो स्वतःच म्हणाला. नऊ-चाळीसला निघालेला दादा बसू शकला नाही. आणि तो किती तोट्यात आहे याची आठवण काकांचा फोन दर पाऊण तासाने करून देत होता. काकांनी कधीही 'जोरात चालव' म्हटलं नव्हतं. ते मला पुनःपुन्हा हेच सांगत राहिले, आणि ते खरंही होतं.

झोपेबद्दल तो बोलायलाच तयार नव्हता. "झोप आली नवती. तंबाखू होती, चहा होता." सतरा-अठरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. दादा त्या वेळी एकवीस तासांहून जास्त उठलेला होता, मधला अर्धा तास वगळून. दारूला न शिवणारा हा माणूस हे ऐकून पहिल्यांदा चिडला. "म्हणजे मी पिऊन चालवत होतो?" शिणलेलं डोकं डोळे मिटायच्या कितीतरी आधी पर्याय शोधायचं थांबवतं, ओळखीच्या वाटेने जातं. 'उजेड नाही' याच्या पुढे 'पण एखादी बंद गाडी असली तर?' हा प्रश्न दुपारी दोनला कदाचित पडला असता. रात्री दोनला पडला नाही.

नारळाचं काय, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. देवावर भार टाकून तो निर्धास्त झाला का? मला तसं वाटत नाही. उलट त्या पूर्ण प्रवासात चिपळूणच्या चहानंतर दादा गाडीतून खाली उतरला तो फक्त देवळाशी. गाऱ्हाणं घालायला लागली ती चार मिनिटं हीच त्या रात्रीतली सगळ्यात शहाणी चार मिनिटं होती.

भाचा

भाच्याशी मी वेगळी बोलले. त्याने जे सांगितलं ते मामाने सांगितलं नव्हतं. वळणाच्या आधी त्याला खिडकीतून रस्त्यावर काहीतरी हिरवं दिसलं होतं, फांदीसारखं. घाटाची वळणं एकावर एक येतात, वरच्या वळणावरून खालचा तुकडा क्षणभर दिसतो. तो बोलला नाही.

"मामाला काय सांगायचं? त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांच्या 2005 मधल्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र बघत असले की पोरं जास्त धोका पत्करताना दिसली. प्रौढांवर तो परिणाम जवळपास दिसला नाही. तेव्हा दादाने भाच्यापुढे शायनिंग मारली असं म्हणायला मला आधार नाही. इथे घडलं ते उलट बाजूने: धोका दिसलेला माणूस गाडीत होता आणि नात्याच्या मानापायी त्याचं तोंड बंद होतं.

भीती किती घालवायची

उपचार म्हणून मी जे करत होते ते सरळ होतं. दादाला कशेडीच्या नावाने घाम फुटायचा, झोपेत पेट्या घरंगळत यायच्या. आम्ही टप्प्याटप्प्याने गेलो. आधी बंद गाडीत बसणं, मग पावस-रत्नागिरी दिवसा, मग हातखंब्यापर्यंत. सहाव्या आठवड्यात तो रात्री निवळीच्या घाटातून भाचा सोबत घेऊन गेला आणि मला फोनवर म्हणाला, "जमलं मॅडम." मी खूश झाले.

दोन दिवसांनी भाच्याने सांगितलं की निवळीच्या उतारावर मामाने एक डंपर वळणावर काढला. झाडावर उजेड नव्हता.

माझं इथे चुकलं होतं. दादाची भीती कशेडीला चिकटली होती, त्या वळणाला, टेम्पोला, पेट्यांच्या आवाजाला. नियम मात्र शाबूत होता. त्याच्या लेखी नियम चुकलाच नव्हता, चुकला होता तो टेम्पोवाला, ज्याने पुढच्या बाजूला फांदी ठेवली नाही. आणि मी भीती कमी करण्याच्या नादात त्याला जसाच्या तसा परत घाटात पाठवत होते. जी भीती त्याला ट्रकच्या मागे बसवून ठेवू शकली असती तीही मी त्याच हाताने पुसत होते.

तिथून पुढे आम्ही कशेडीबद्दल बोलायचं सोडलं आणि फक्त नियमाबद्दल बोललो. मी त्याला एकदा अंधार पडल्यावर, गाडी रस्त्याकडेला लावून, एका वळणाच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे काय आहे ते सांग म्हटलं. "काय नाय." मग आम्ही चालत गेलो. वळणाआड दोन म्हशी बसल्या होत्या. त्या मी बसवलेल्या नव्हत्या, खरंच बसल्या होत्या. माझ्या योजनेत तिथे माझी स्कूटर होती, दिवा बंद करून लावलेली, ती त्या म्हशींच्या पलीकडे होती. दादा म्हशींकडे बघून पोट धरून हसला, आणि मग एकदम गप्प झाला.

त्यानंतर त्याने वाक्य बदललं. 'उजेड नाही' याच्याऐवजी 'दिसत नाही' म्हणायचं. आणि पक्की जोडी ठरवली: ट्रकच्या मागे अडकलो तर दुसऱ्या गियरमध्ये टाकायचं आणि भाच्याला म्हणायचं, काकांना फोन लाव, सांग ट्रकच्या मागे आहोत. 'अमुक झालं तर तमुक करीन' असा आधीच बांधलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. भाच्यालाही काम दिलं. 'दिसत नाय' एवढे दोन शब्द त्याने वळणावर बोलायचे. उद्धटपणा वाटू नये म्हणून ते शब्द मामाकडूनच वदवून घेतले.

काकांशी बोलणं सर्वांत अवघड गेलं. त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या: आठनंतर गाडी भरून झाली तर ती पहाटे निघेल, आणि वाटेत फोन करायचा तो फक्त भाच्याने. पहाटे निघालेल्या आंब्याला दर कमी मिळाला तर तो तोटा कुणाचा, यावर मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या हंगामात तसं दोनदा झालं. एकदा त्यांनी सोसलं, एकदा दादाच्या भाड्यातून कापलं.

दादा अजूनही सरळ रस्त्यावर ऐंशीने जातो. त्यावर आमचं भांडण चालू आहे.

त्या हंगामातल्या एका रात्री भाच्याने मला आवाजाचा मेसेज पाठवला, तो मी सकाळी ऐकला. आधी बराच वेळ एका जड ट्रकच्या इंजिनाची घरघर, मधे ब्रेकची फुसफुस. मग दादाचा आवाज, ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. मग भाचा, हसू दाबत: "मॅडम, कशेडी. पंधरा मिनिटं झाली, मागेच आहोत." आणि पुन्हा दादा, "तिला सांग, अजून सोळा नाय झाली."